गळ्यात भोंगा अडकवून फिरलेल्या माणसाला

अहो, तुम्ही गेल्यापासून लोक माझ्याशी ओरडून बोलतात.

मला ऐकू येतं हे साऱ्या गावाला माहीत आहे. गेला तो माझा आवाज. कान तुमचे गेले होते. पण भेटायला आलेला माणूस दारात चप्पल काढतो, माझ्या गळ्यावरच्या रुमालाकडे बघतो आणि अगदी जवळ येऊन ओरडतो, "वयनी! भाऊ लई चांगला मानूस होता!" तुम्ही होतात तेव्हा हेच लोक तुमच्या बहिऱ्या बाजूला बसून कुजबुजायचे आणि तुम्ही सगळं समजल्यासारखी मान हलवायचात. आता तुमच्या वाटणीचा आरडाओरडा मी ऐकून घेते आहे. फोन उचलून "मला ऐकू येतं" असं टाइप करेपर्यंत त्यांचं ओरडून झालेलं असतं, आणि ते चहाला लागलेले असतात.

आपली सुषमा म्हणते, "माय, आयकून घे ना. बिचारे मायेनं बोलून राह्यले."

ऐकते. काल ती तुमसरला तिच्या घरी गेली, पाहुणे पांगले, आणि आज सकाळपासून अंगणात फक्त मी आणि कोंबड्या. म्हणून लिहायला बसले. तुमच्याशी बोलायचं बरंच राहिलं आहे. काही भांडणं तर अगदी ऐन मध्यावर सोडून तुम्ही निघून गेलात. ही काही रीत नव्हे.

माझा आवाज कसा होता ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. मी अंगणवाडीची सेविका. गावभरची लेकरं गोळा करून त्यांना हात धुवायला लावणं, गाणी म्हणवून घेणं, खिचडी खाऊ घालणं, हे सगळं मी गळ्याच्या जोरावर केलं. संध्याकाळी काठावर उभी राहून हाक मारली की धरणाच्या पाण्यात लांबवर असलेला तुमचा मासेमारीचा डोंगा वळायचा. डोंग्यातले बाकीचे लोक म्हणायचे, "श्रावणभाऊ, घरून वारंट आलं." तुमचे कान मंद होत गेले तसतसा मी आवाज चढवत नेला. शेवटी अशी वेळ आली की आपल्या घरातली एकही गोष्ट खाजगी राहिली नाही. भाजीत मीठ कमी पडलं तर शेजारच्या पार्बताबाईला ते तुमच्या आधी कळायचं.

मग तो आवाज घोगरा झाला. औषधं झाली, काढे झाले, आणि एक दिवस आपण नागपूरच्या दवाखान्यात बसलो होतो. डॉक्टरांनी कागदावर गळ्याचं चित्र काढून समजावलं. स्वरयंत्रात गाठ आहे, वाईट आहे, स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. पुढे श्वास नाकातून नाही, गळ्यातल्या छिद्रातून चालेल. तुम्ही फार शहाण्यासारखी मान हलवलीत. बाहेर आलो आणि तुम्ही विचारलंत, "काय म्हने डाक्टर?"

मी हळू सांगितलं. तुम्ही म्हणालात, "आं?"

थोडं मोठ्यानं सांगितलं. "आं?"

तेव्हा होता नव्हता तो सगळा जोर गोळा करून मी ओरडले, "माहा आवाज काढून टाकनार हायेत!"

बाकांवर बसलेले लोक, नर्स, झाडू मारणारी बाई, सगळे जागच्या जागी थांबले. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मग डॉक्टरांच्या बंद दाराकडे बघितलंत आणि म्हणालात, "मंग काढू दे ना. मानूस ठेवा म्हना, बाकी काई बी न्या."

माझ्या आवाजाने केलेलं ते शेवटचं मोठं काम. आवाज जाणार आहे हे तुम्हाला सांगण्यातच तो संपला. त्या दिवशी मला तुमचा भयंकर राग आला होता. आता वाटतं, दुसऱ्या कशावर खर्च केला असता तरी वायाच गेला असता.

आणि खर्र्याचं भांडण तर तसंच राहिलं. आयुष्यभर सुपारी-तंबाखूचा खर्रा पन्नीत घोटून खाल्लात तुम्ही, आणि गळा कापला गेला माझा. डॉक्टर म्हणाले, असं कुणालाही होऊ शकतं. तुम्हाला हे एक वाक्य मात्र पहिल्या झटक्यात, स्वच्छ ऐकू आलं. गावात येईपर्यंत तुम्ही ते सगळ्यांना सांगत होतात, "डाक्टरच म्हने, कोनालेबी होते." पुढे तर तुमची चांदीच झाली. नाकातून श्वास नाही म्हणजे वासही नाही. मी ओरडू शकत नव्हते, खर्र्याचा वास मला येत नव्हता, आणि तुम्ही "सोडला, सोडला" म्हणत गालात कोंबून माझ्यासमोर बसायचात. मला नुसता डोळ्यांनी पहारा द्यावा लागायचा.

पण फुंकरही गेली होती, त्याचं काय? तोंडातून हवाच सुटत नाही, मग चूल कशी पेटवायची? ज्या माणसाने जन्मात चुलीपुढे पाठ वाकवली नव्हती तो माणूस रोज सकाळी अंघोळीच्या पाण्यासाठी चुलीत फुंकर घालायला बसू लागला. माझा गरम चहासुद्धा तुम्हीच फुंकून द्यायचात. त्यात कधी कधी सुपारीचा तुकडा तरंगायचा. मी बोट दाखवलं की तुम्ही म्हणायचात, "विलायची असंन."

सुरुवातीला आपण पाटीवर काम चालवलं. तुम्ही चौथी शिकलेले. मी लिहायचे, "पाणी उतरवा, उकळलं." तुम्ही पाटी हातभर लांब धरायचात आणि अक्षराला अक्षर जोडत जायचात, "पा... नी... उ... त..." तोवर पाणी आटून जायचं. लांबलचक रागावून लिहिलं तर म्हणायचात, "चष्मा नाई सापडून राह्यला." चष्मा तुमच्या कपाळावर असायचा.

मग मी पाटी ठेवून दिली. लिहिणंच सोडलं. तुमच्यावर रागावून नाही. सांगण्यासारखं काही उरलंच नाही असं वाटायचं. अंगणवाडीत दुसरी सेविका आली होती. चांगली पोरगी आहे, पण तिने गाणं सुरू केलं की मी दार लावून आत बसायचे. ते गाणं माझंच होतं, माझ्याच चालीवर होतं आणि माझ्यावाचून चाललं होतं. लोकांसमोर जायला नको वाटायचं. पोरं घाबरतील, बायका कीव करतील. त्यापेक्षा आतली खोली बरी.

त्या दिवसांत तुम्ही बोलायला लागलात. संसार मांडल्यापासून मी तुम्हाला बोलतं करायला बघत होते, आणि तुम्ही सुरू झालात तेव्हा मला गप्प करता येईना. पाण्यावरून आलात की उंबऱ्यात बसून सगळं सांगायचात. आज रोहू किती आळशी होता, कोणाचं जाळं कोणाच्या जाळ्यात अडकलं, मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष चिखलात कसे बसले. मी भिंतीकडे तोंड करून पडलेली असायचे. एकदा तुम्ही म्हणालात, "वनिता, मले आयकू येत नाई, तुले बोलता येत नाई. दोघं मिळून एक मानूस त होते का नाई?" त्या दिवशी मी भिंतीकडून तोंड वळवलं होतं, ते तुमच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे.

नागपूरच्या दवाखान्यात बोलणं शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. त्यांनी आधी टॉर्चसारखं एक यंत्र दिलं. ते गळ्याला लावायचं आणि ओठ हलवायचे, की ते घरघरत शब्द काढतं. पुष्कळांना ते छान जमतं. मॅडमचा एक पेशंट म्हणे त्यावर भजन म्हणतो. मी घरी येऊन म्हटलं, "पाणी द्या." कुत्रं खाटेखाली शिरलं. पार्बताबाई कुंपणावरून डोकावून म्हणाली, "काव वनिताबाई, मोटर चालूच राह्यली वाटते तुमची." आणि तुम्ही कानामागे हात धरून म्हणालात, "हे त डिझेल इंजिनवानी वाजून राह्यलं. याच्यात तू कोनती?"

ते परत दिलं. मग मॅडमनी माझ्या फोनमध्ये काहीतरी टाकून दिलं. आपण टाइप करायचं, फोन बोलतो. टाइप करणं मला नवं नव्हतं. अंगणवाडीची हजेरी आणि लेकरांची वजनं फोनमध्येच भरावी लागायची. पण फोनचा आवाज तुमच्या कानांना कुठला पुरणार? तुम्ही काही न बोलता पवनीला गेलात आणि संध्याकाळी एक भोंगा घेऊन आलात. बिनतारेचा, पट्टा असलेला. बाजारात केळीवाले लावतात तसला. तो गळ्यात अडकवून अंगणात उभे राहिलात आणि म्हणालात, "बोल आता."

मी चुलीपुढून टाइप केलं, "हे काय सोंग आणलं?"

तुमच्या छातीवरून एक गोड, कोवळी, शहरातली मुलगी स्पष्ट उच्चारात म्हणाली, "हे काय सोंग आणलं?"

तुम्ही दचकून मागे बघितलंत. आणि मग अहो, तुमच्या चेहऱ्यावर जे काही पसरलं ते मी कधी विसरणार नाही. इतकी वर्षं माझ्या खणखणीत हाकांवर तुमच्या कपाळाला आठ्या पडायच्या, आणि या पोरीच्या एका वाक्यावर तुम्ही गालातल्या गालात हसलात. "किती मऊ बोलते वं!"

त्या भोंग्याने गावाची चांगलीच करमणूक केली. एकदा अंगणात सोसायटीची माणसं बसली होती. मला आत काय ठाऊक? भोंगा तुमच्या गळ्यातच होता. मी आपलं घरच्यासारखं टाइप केलं आणि अध्यक्षांसमोर ती मुलगी अदबीनं म्हणाली, "तुमची चड्डी दोरीवर वाळली आहे. तीच घाला. फाटकी घालून बाहेर जाऊ नका."

मग अध्यक्ष म्हणाले, "भाऊ, मोठी शिकलेली बाई ठेवली तुमी."

मला वाटलं तुम्ही आता भोंगा पाण्यात फेकणार. तुम्ही उठलात, दोरीवरची चड्डी काढून घडी घातलीत आणि पुन्हा येऊन बसलात.

हळूहळू माझ्या लक्षात आलं की तुम्ही बदलला आहात. जेवायला बसताना हात-तोंड धुऊन यायचात. केसांना तेल लागलं. "हो जी," "बरं जी," असं बोलायला लागलात. माझ्याशी कधी 'जी' म्हणाला नव्हतात. मी शिव्या टाइप केल्या तरी ती पोरगी त्या इतक्या नाजूक म्हणायची की तुम्ही मान डोलवायचात. एक दिवस मला राहवलं नाही. मी रागारागाने टाइप केलं आणि बटण दाबलं. भोंगा म्हणाला, "तुम्ही त्या मुलीशी एवढं गोड का बोलता?"

म्हणजे त्या मुलीच्याच तोंडून. तिनेच तिच्याबद्दल.

तुम्ही आधी भोंग्याकडे बघितलंत, मग माझ्याकडे. आणि हसत सुटलात. जाळं मांडीवरून घसरलं, डोळ्यांत पाणी आलं, खर्रा कुठे गेला कोण जाणे, तुम्हाला ठसका लागला. ते बघून मलाही हसू फुटलं. ऑपरेशननंतर पहिल्यांदा. आवाज कुठला! रुमालाखालून हवा फुस-फुस निघाली, खांदे हलले, मी खाली बसले. तुम्ही घाबरून धावत आलात, "वनिता, काय झालं? दम लागला का?" मी मान हलवली. तुम्ही माझ्या तोंडाकडे निरखून बघितलंत. "हासून राह्यली का वं तू?"

हो, हसत होते. हसायला स्वरयंत्र लागत नाही, हे आपल्या दोघांना एकदमच कळलं.

त्या दिवसापासून मी खोलीबाहेर बसू लागले. पण ती पोरगी मनातून जाईना. जेवताना एकदा मी टाइप केलं, "ही बोलली की मला वाटतं, मी दुसऱ्या कोणाच्या घरात राहते." तुमचा घास हातातच राहिला. म्हणालात, "मलेबी करमत नाई हिच्यासंगं. भांडन नाई, काई नाई. पाहुनी आल्यावानी वाटते." आणि उठून हात धुवायला गेलात. मला वाटलं, विषय संपला.

पुढच्या तपासणीला आपण नागपूरला गेलो तेव्हा मॅडम आपल्या दोघांनाही ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणाल्या, तुमचा जुना आवाज कुठे रेकॉर्ड केलेला असेल तर त्यावरून फोनसाठी तुमचा स्वतःचा आवाज बनवून मिळू शकतो. मी नाही म्हणून मान हलवली. माझा आवाज कोण कशाला रेकॉर्ड करून ठेवणार? पण तुम्हाला आठवलं. टाळेबंदीत अंगणवाडी बंद होती तेव्हा मी आयांच्या ग्रुपवर रोज गाणी आणि गोष्टी बोलून पाठवायचे. माझा तो फोन तर कधीच पाण्यात पडला होता. त्या बायकांकडे काही असेल-नसेल.

थोड्या दिवसांनी मॅडमकडे सगळं पोचलं. मी विचारलं, हे कोणी जमवलं? तुम्ही म्हणालात, "सुषमानं केलं फोन लावू-लावू."

हे तुमचं शेवटचं खोटं मला आत्ता पकडता आलं आहे, तुम्ही नसताना. तेरवीला आलेल्या बायकांनी सांगितलं. तुम्ही दुपारी मासे देण्याच्या निमित्ताने घरोघरी जायचात, ओट्यावर बसायचात आणि म्हणायचात, "बाई, फोनात आमची वनिता असंन त आयकव बरं." मग तो फोन उजव्या कानाला घट्ट दाबून डोळे मिटून बसायचात. ऐकू तर धड यायचं नाही. मग त्या बाईलाच विचारायचात, "हे ओरडून राह्यली का?"

"हाव भाऊ, ओरडूनच राह्यली."

"मंग तेच. हे धाडून दे सुषमाले."

पार्बताबाईच्या सुनेने सांगितलं की तिच्याकडे तुम्ही हात धुण्याचं गाणं पुन्हा पुन्हा लावायला सांगितलंत. दर वेळी घरातली लेकरं उठून हात धुऊन यायची. शेवटी तिची सासू म्हणाली, "श्रावणभाऊ, आता पुरे, हौदातलं पानी संपलं." हे सांगताना ती हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती. का लपवलंत? बायकोसाठी दारोदार गेलो, हे सांगायला लाज वाटली का? उत्तर द्या. हे दुसरं अर्धवट भांडण.

आवाज बनून आला त्या दिवशी सुषमा मुद्दाम आली होती. तुम्ही नवा सदरा घातला होता. भोंगा अंगणात खुर्चीवर मांडला होता, जसा काही पाहुणा बसवावा. सुषमा म्हणाली, "माय, पयले काय बोलतं?" मी पुष्कळ विचार केला. काहीतरी मोठं बोलावं, देवाचं नाव घ्यावं, मॅडमचे आभार मानावेत. एवढ्यात तुमचा गाल फुगलेला दिसला. मी टाइप केलं, "खर्रा थुका."

आणि मीच बोलले. माझाच आवाज! पण तुकडे सगळे अंगणवाडीच्या गाण्यांचे, त्यामुळे सूरही तसाच. लहान पोरांना समजवावं तसं, हेल काढून, लाडात, "खर्राऽ थुकाऽ!"

तुम्ही उठलात. मुकाट्याने मोरीपाशी गेलात. थुंकलात. चूळ भरलीत. परत येऊन भोंग्यासमोर जमिनीवर बसलात आणि गुडघ्यांत तोंड घालून लहान मुलासारखे रडलात. सुषमा रडली. कुंपणापलीकडे पार्बताबाई रडली. मी तेवढी कोरडी होते, कारण माझं लक्ष दुसरीकडे होतं. मी पुन्हा पुन्हा तेच बटण दाबून ऐकत होते. माझं आतलं कुणीतरी खूप दिवस गावाला गेलं होतं, ते दारात येऊन उभं राहिलं होतं आणि माझ्या नवऱ्याला दटावत होतं.

त्यानंतरचं भांडण मात्र नीट झालंच नाही. मी टाइप करायचे, "दिवसभर कुठे उलथला होतात?" आणि भोंग्यातून असं यायचं की जणू आता टाळ्या वाजवायच्या आहेत. तुम्ही हात जोडून म्हणायचात, "डोंग्यात होतो, बाई." सोसायटीत तक्रार केलीत, "मले घरात लेकरावानी वागवून राह्यली." पण भोंगा रोज स्वतः चार्जिंगला लावायचात.

नव्या सेविकेने बोलावलं तेव्हा मी नको म्हणत होते. तुम्हीच मला हाताला धरून अंगणवाडीच्या दारापर्यंत नेलंत आणि स्वतः बाहेर उकिडवे बसलात. मी आत गेले. एक चिमुकली पुढे आली आणि रुमाल वर करून बघायला लागली. "बाई, तुमच्या गऱ्याले खिडकी हाये?"

मी टाइप केलं, "हो. तिथून हवा येते."

"मंग दार कोठी हाये?"

मी फोन वर धरला आणि गाणं लावलं. लेकरं उठून उभी राहिली. कोणी घाबरलं नाही हो. ज्या गोष्टीसाठी मी एवढे दिवस आत कोंडून घेतलं होतं ती घडलीच नाही. बाहेर आले तेव्हा तुम्ही विचारलंत, "भेले का लेकरं?" मी मान हलवली. तुम्ही म्हणालात, "तुले त आवाज होता तवा भेत होते."

त्या शेवटच्या सकाळी तुम्ही अंगणात जाळं सांधत बसला होतात, पायाच्या अंगठ्यात दोरी अडकवून. मी तांदूळ निवडत होते. तुम्ही छातीवर हात ठेवून म्हणालात, "गॅस झाला वाटते." कपाळावर घाम होता. मग तुम्ही जाळ्यावरच कलंडलात.

मी तोंड उघडलं. सवयच ती. हवा गळ्यातून निघून गेली. फोन घेतला, बोटं भलत्याच अक्षरांवर पडली, काय टाइप केलं ते मलाच वाचता आलं नाही. "पारबत धव" असं काहीतरी. भोंगा पूर्ण मोठा करून मी बटण दाबत राहिले. पार्बताबाई हातातलं पीठ तसंच घेऊन आली. नंतर म्हणाली, "शबद नाई समजला वं. पन तू बोंबलून राह्यली हे समजलं, मंग मी थांबतो का?"

गावातलीच गाडी मिळाली. भंडाऱ्याला निघालो. तुमचं डोकं माझ्या मांडीवर होतं, उजवा कान वर. शुद्ध होती, डोळे मिटलेले. पुढून गाडीवाला म्हणाला, "काकू, त्याईच्यासंगं बोलत राहा, झोपू देऊ नका." भोंगा अंगणातच राहिला होता. मी फोनचा आवाज होता तेवढा वाढवला, तुमच्या कानाला लावला आणि एका बोटाने टाइप केलं, "घाबरू नका. मी इथंच आहे."

तुमच्या पापण्या हलल्या. ओठांवर थोडं हसू आलं. तुम्ही म्हणालात, "हळू बोल ना, वनिता. आयकू येऊन राह्यलं मले."

आपल्या साऱ्या संसारात हे वाक्य तुम्ही मला कधी म्हटलं नव्हतं.

मी बोलत राहिले. जाळं उचलून ठेवायला सांगितलं आहे म्हटलं. सुषमा निघाली आहे म्हटलं. खर्र्याचं भांडण घरी गेल्यावर पूर्ण करू म्हटलं. आणि जे बोलायला आपल्या पिढीच्या नवरा-बायकोंना तोंड असूनही लाज वाटते तेही बोलले, गाडीवाल्याच्या देखत, अंगणवाडीच्या त्याच सुरात. भंडारा येईपर्यंत बोलत होते. तुम्ही कुठपर्यंत ऐकलंत ते मला माहीत नाही.

आवाज मात्र मी कमी केला नाही.